चेनसॉची चेन घरीच धारेला लावायची: साधी कानस, गाइड, जिग की ग्राइंडर?

वसनाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, कोरेगाव तालुक्यात आमची थोडी बागायत आहे. बांधावर बाभळी, दोन जांभळं आणि आजोबांनी हौसेनं लावलेली निलगिरीची रांग. दर पावसाळ्यात काही ना काही आडवं होतं. दरवेळी मशीनवाला गडी शोधत बसायला नको म्हणून तीन वर्षांपूर्वी १६ इंची बारचा (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) पेट्रोल चेनसॉ घेतला.

मशीनची तक्रार नाही, तक्रार धारेची आहे. चेन बोथट झाली की साताऱ्यात एका दुकानात टाकायची आणि चार दिवसांनी आणायची, असं चाललं होतं. गेल्या महिन्यात आणली तर दातांची टोकं निळी-जांभळी. बाभळीच्या बुंध्यावर लावली, पहिले दोन काप झकास गेले, तिसऱ्याला नुसता धूर. म्हटलं घरीच कानस मारू. तर कानस दाताला पकडेचना, काचेवरून फिरवल्यासारखी सरकते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "बाभूळच कडक आहे तुमची."

आता घरीच शिकायचं ठरवलंय. पण बघावं तितकं कमी आहे: नुसती गोल कानस, कानशीवर बसणारी पट्टी, चेनवर बसणारं रोलर गाइड, एका वेळी दोन कामं करणारं टू-इन-वन, बारवर बसवायचा जिग, १२ व्होल्टचा छोटा ग्राइंडर. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा. नुसते व्हिडिओ पाहिलेले सल्ले नकोत, ते मीही पाहिलेत.

चेन ३/८ इंच लो प्रोफाइल, ५६ ड्राइव्ह लिंक (बारच्या खोबणीत चालणाऱ्या कड्या). म्हणजे २८ दात, १४ डावे आणि १४ उजवे.


वखारीचा_पुतण्या

दादा, लई डोकं लावू नका. ४ मि.मी.ची गोल कानस घ्या, लाकडी मूठ बसवा आणि बसा मारत. आमच्या चुलत्यांची कराडजवळ वखार हाय. रोज दुपारी जेवण झालं की बिडी पेटवून ते चेन घेऊन बसायचे. प्रत्येक दाताला तीन हात, मोजून तीन. चौथा न्हाई, दुसरा बी न्हाई. त्यास्नी कसला गाइड न कसला जिग.

कोन डोळ्यानं घ्यायचा. नव्या चेनच्या दाताच्या पाठीवर तिरकी रेघ असती, ती बघून ठेवा. कानस आतल्या बाजूनं घालायची आणि भाईर ढकलायची. परत आणताना उचलायची, घासत आणायची न्हाई. हे एक जमलं तर निम्मं काम झालं.


शेगडा

वखारीच्या पुतण्याचं बरोबर आहे, पण अर्धं. चुलत्यांना जमतं कारण त्यांनी तीस वर्षं रोज तेच केलंय. धागाकर्त्याला वर्षातून सहा वेळा करायचंय. सहा वेळा करणाऱ्याचा हात कधी बसत नाही. मी पलूसकडच्या एका कारखान्यात टूलरूमला आयुष्य काढलं, त्यामुळे जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढे जा.

आधी निळ्या दातांबद्दल. पोलाद तापून साधारण ३०० अंशाला पोचलं की निळा रंग चढतो. आपल्याकडे त्याला पाणी उतरलं म्हणतात, धार मऊ पडते. पण याहून जास्त तापलं तर उलटंच होतं. दाताचं टोक कागदासारखं पातळ. ते लाल होतं आणि मागच्या थंड पोलादानं उष्णता ओढून घेतली की क्षणात गार होतं. म्हणजे आपोआप पाणी पाजलं गेलं. तिथे काचेसारखा कडक थर बसतो आणि कानस सरकते. तुमच्या चेनचं हेच झालंय. दुकानातल्या पोरानं चाक दातावर दाबून धरलं असणार. हलक्या हातानं टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं, एवढं केलं असतं तरी भागलं असतं. बाभळीचा काही दोष नाही.

आता पद्धतींबद्दल. कुठली चांगली हे विचारण्याआधी धार लावताना काय काय सांभाळायचं ते बघा.

वरच्या पात्याचा कोन. बहुतेक चेनला ३० अंश.

कानशीची उंची. कानशीचा पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. ४ मि.मी.च्या कानशीला म्हणजे पाऊण मि.मी.हून किंचित जास्त. कानस खाली बसली तर दाताला पोपटाची चोच येते. पहिल्या कापाला ती भयंकर धारदार लागते आणि दहाव्या मिनिटाला मोडते. वर बसली तर धारेला पोटच राहत नाही, दात लाकूड खात नाही, नुसता घसरतो.

दातांची लांबी. सगळे सारखे हवेत. सगळ्यात आखूड दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्याइतके करायचे. हे कुणालाच आवडत नाही, कारण चांगलं पोलाद घासून टाकल्यासारखं वाटतं.

आणि दाताच्या पुढचा तो बुटका उंचवटा, डेप्थ गेज. दातानं लाकडात किती खोल जायचं ते तो ठरवतो. तुमच्या चेनला दाताच्या टोकाहून ०.६५ मि.मी. खाली. दात घासत मागे गेला की त्याची उंचीही कमी होते, कारण पातं मागे उतरतं असतं. मग हा फरक मिटत जातो. म्हणून तीन-चार धारांनंतर चपट्या कानशीनं तो उतरवावा लागतो. शंभरातले नव्वद लोक हे करत नाहीत आणि म्हणतात, धार लावली तरी मशीन चालत नाही.

नुसत्या कानशीला या चारही गोष्टी तुमच्या हातावर आहेत. कानशीवरची पट्टी उंची सांभाळते आणि कोनाची रेघ दाखवते. रोलर गाइड कोन आणि उंची दोन्ही बऱ्यापैकी धरतं. जिग लांबीही धरतो. टू-इन-वन डेप्थ गेजही त्याच हातात उतरवतं. ग्राइंडर यातलं काहीच सांभाळत नाही, फक्त घाई करतो.


माणदेशी_बाभूळ

काका, ग्राइंडरला एवढं टाकून बोलू नका. आमच्या दहिवडीच्या बाजूला येऊन बघा. वेडी बाभूळ, वाळलेली, बुंधा मातीत, सालीत खडे. दिवसातून चार वेळा चेन बसते. प्रत्येक वेळी २८ दात गुणिले सहा हात कोण मारणार? मी १२ व्होल्टचा ग्राइंडर पिकअपच्या बॅटरीला लावतो, दहा मिनिटांत पुन्हा काम सुरू.


शेगडा

माणदेशी, तुमची गरज पटली. दोन गोष्टी सांभाळा. त्या छोट्या दगडाचा व्यास वापरून कमी होत जातो. ४ मि.मी.चा दगड साडेतीनवर आला तरी आपण तोच वापरत राहतो आणि चोच तिथंच तयार होते. दगड बदलायचा कंटाळा करू नका. दुसरं, एका दाताला एका दमात दीड-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका.

आणि धागाकर्त्यासाठी: तुमच्या त्या काचेसारख्या थरावर ग्राइंडरच कामी येईल. प्रत्येक दातावर दगड हलकेच एक-दोनदा फिरवून थर फोडा. त्यानंतर कानस पकडेल. कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा, विकत घेऊ नका.


सिल्व्हरओक

पाचगणीजवळ एका जुन्या बंगल्याच्या आवाराची देखभाल माझ्याकडे आहे. सिल्व्हर ओक भरपूर, आणि पावसाळ्यात वारं सुटलं की रात्रीत दोन-तीन फांद्या रस्त्यावर. मला मशीन पहाटे लागतं, त्यामुळे धार आदल्या संध्याकाळीच लावून ठेवावी लागते.

मी सुरुवात नुसत्या कानशीनं केली. वर्षभर चेनची माती केली. मग रोलर गाइड घेतलं. छोटीशी पत्र्याची चौकट, दोन रोलर, ती चेनवर बसते. रोलरवर कानस टेकवायची आणि चौकटीवरच्या बाणाला समांतर ढकलायची. उंचीचा प्रश्न संपतो. कोन मात्र बाणावर नजर ठेवून तुम्हालाच धरावा लागतो. त्यासोबत डेप्थ गेजची पट्टी येते. तिला दोन खाचा असतात, एक कडक लाकडासाठी, एक मऊ लाकडासाठी. सिल्व्हर ओकला मऊची चालते, बाभळीला कडकचीच वापरा.

एक सूचना. गाइड चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या मापाप्रमाणे, वेगळं मिळतं. ०.३२५ इंचाचं गाइड ३/८ लो प्रोफाइलवर बसल्यासारखं वाटतं, पण उंची चुकते. मी ही चूक केली आहे, दुकानदारानं "सगळ्याला चालतं" म्हणून दिलं होतं. कानशीचंही तेच. लो प्रोफाइलला ४ मि.मी., ०.३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५, आणि ०.४०४ ला ५.५.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. धार लावताना चेन नेहमीपेक्षा थोडी ताणून घ्या. ढिली चेन बारवर डुलते आणि दात कानशीखाली वाकडा होतो. ब्रेक लावून दात धरायचा, ब्रेक सोडून चेन पुढे घ्यायची. काम झालं की ताण पुन्हा नेहमीइतका करायला विसरू नका. आणि हो, प्लगची टोपी काढून ठेवा, हातात मोजे घाला. बंद चेन पण बोट कापते.


कृष्णाकाठ_आमणापूर

माणदेशींचा मातीचा मुद्दा महत्त्वाचा. २०१९ च्या ऑगस्टात पूर ओसरल्यावर आमच्याकडे नदीकाठची उन्मळलेली झाडं काढायला आठवडे लागले. वरून ओंडका स्वच्छ दिसायचा, पण सालीच्या प्रत्येक भेगेत गाळ. एका ओंडक्यात चेन जायची. शेवटी साल कुऱ्हाडीनं सोलायची, पाण्याच्या पाइपनं धुवायची आणि मग मशीन लावायचं, असं केलं. त्यानं धार लावायच्या वेळा निम्म्या झाल्या.

चौकोनी कोपऱ्याच्या चेनऐवजी गोल कोपऱ्याची, म्हणजे सेमी चिझल, घेतली तर मातीत जास्त टिकते. वेग थोडा कमी मिळतो. शेतकऱ्यानं तीच घ्यावी असं माझं मत. चौकोनी चेन वखारवाल्यांनी वापरावी, ज्यांना स्वच्छ ओंडके मिळतात.


वखारीचा_पुतण्या

आमच्या ओंडक्यात खिळे निघत्यात राव. बांधावरच्या झाडाला लोकं तारंचं कुंपण मारत्यात, झाड तार गिळून टाकतंय. स्वच्छ ओंडका म्हणं!


फळीवाला_विटा

जिगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पडलेल्या आंब्याच्या आणि चिंचेच्या ओंडक्यांच्या उभ्या फळ्या काढतो, मशीन चौकटीत बसवून. उभ्या कापाला ३० अंश चालत नाही, मी १० अंशाची चेन वापरतो. दातांच्या लांबीत फरक असला की फळीवर लाटा उमटतात आणि मग रंधा मारता मारता जीव जातो. म्हणून मी बारवर बसवायचा जिग घेतला. कोनाची चकती फिरवायची, लांबीचा अडथळा एकदा पक्का करायचा, आणि प्रत्येक दात तिथवर आला की थांबायचं.

काम तंतोतंत होतं, पण पहिल्यांदा जमवायला माझी एक संध्याकाळ गेली. शेतात, बांधावर, उन्हात हे करणं अवघड आहे. मी घरी ओट्यावर करतो. धागाकर्त्यासाठी हा पहिला खर्च नाही. मात्र वर्षातून एकदा ज्याच्याकडे जिग आहे त्याच्याकडून सगळे दात एका मापात आणून घ्या, मग वर्षभर गाइडवर चालवा.


वसनाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आठवड्याभरात काय झालं ते सांगतो. माणदेशींच्या सल्ल्याऐवजी शेगडा काकांचा ऐकला (माणदेशी, रागावू नका). गावातल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून छोटा ग्राइंडर आणला, थर फोडला. खरंच, त्यानंतर कानस पकडायला लागली. आवाजच बदलतो. आधी चीं चीं, मग खर्र खर्र.

रोलर गाइड मागवलंय, यायचंय. तोवर नुसत्या कानशीनं मारली. धीर धरवला नाही.

निकाल: मशीन कापतंय, पण काप सरळ जात नाही. फूटभर जाडीच्या बाभळीत बुंध्याच्या खालपर्यंत जाईतो बार डावीकडे वळतो आणि अडकतो. पाचर ठोकून काढावा लागला. आमचे चुलतभाऊ बांधापलीकडून बघत होते, ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.


शेगडा

डाव्या बाजूचे दात जास्त लांब किंवा जास्त धारदार आहेत. मशीन नेहमी त्या बाजूला ओढतं. तुम्ही उजव्या हाताचे असाल. एका बाजूचे दात घासताना हात मोकळा चालतो, दुसऱ्या बाजूला मनगट वळवावं लागतं. तिथे आपण नकळत कमी दाब देतो, कोनही बदलतो. कॅलिपर असेल तर दातांची लांबी मोजा, नसेल तर शिवणकामाच्या टेपनं भागणार नाही, शेजारी सायकलवाल्याकडून घ्या.

दुसरं कारणही तपासा. बार काढा, खोबणीच्या दोन्ही कडांवर बोट फिरवा. एका बाजूला बारीक पातं निघाल्यासारखं लागतं का? लागलं तर चपट्या कानशीनं ते घासा. बार काचेवर उभा धरून बघा, एक कड बुटकी झाली असेल तर कितीही धार लावा, काप वळणारच. आणि परत बसवताना बार उलटा करून बसवा. दर धारेला उलटा केला तर दोन्ही कडा सारख्या झिजतात.


वसनाकाठ (धागाकर्ता)

मोजले. डावे सरासरी ७.१ मि.मी., उजवे ६.५ च्या आसपास, आणि एक उजवा तर ६.१. कडेला पातं होतं, तेही काढलं.

आता सगळे ६.१ वर आणायचे? मन होत नाही. बरंच पोलाद जाईल.


फळीवाला_विटा

तो एक दात सोडून द्या. २८ मधला एक आखूड असला तर तो नुसता रिकामा फिरेल. बाकीचे ६.५ वर आणा. पुढच्या एक-दोन धारांत तो आपोआप रांगेत येतो. मात्र डावे सगळे ६.५ वर आणाच, तिथे दया दाखवू नका. पातं ४ मि.मी.वर आलं की चेन भंगारात, म्हणजे तुमच्याकडे अजून भरपूर आहे.


शेगडा

फळीवाल्यांशी सहमत. टूलरूममध्ये मी हे चालू दिलं नसतं, पण बांधावर चालेल.


सिल्व्हरओक

आणि पहिल्या दाताला मार्करनं खूण करा हो. मी पहिल्या वर्षी एका बाजूला पंधरा-सोळा दात घासले होते, चौदाच्या चेनवर.


माणदेशी_बाभूळ

धागाकर्ते, रागावलो नाही. पण कोनाबद्दल विचारतो. आमच्याकडच्या वाळलेल्या बाभळीला ३० अंशाची धार अर्ध्या तासात जाते. एक जुना गडी म्हणतो २५ ला आण. कुणी केलंय?


कृष्णाकाठ_आमणापूर

केलंय. वाळलेल्या बाभळीला आणि चिंचेला २५ थोडी जास्त टिकते. पातळ टोक नसतं, म्हणून लवकर मोडत नाही. ओल्या निलगिरीला ३०च बरी. पण एकदम बदलू नका, दोन-तीन धारांत हळूहळू आणा. नाहीतर एका बाजूला २५ आणि दुसरीकडे २८ होतं आणि पुन्हा काप वाकडा.


वखारीचा_पुतण्या

चुलते म्हणत्यात, लाकूड कडक असलं तर कोन बदलण्याआधी ते ओलं असताना काप. वाळायची वाट कशाला बघतोयस? झाड पडल्यावर पंधरा दिवसांत तुकडं पाडून टाकायचं, मग खुशाल वाळू दे.

ह्यो सल्ला सगळ्यात स्वस्त हाय बघा.


तळ्यातला_मासा

माझाही एक अनुभव, शहाणपणाचा नाही. डेप्थ गेजबद्दल. शिराळ्याकडच्या आमच्या घरामागं चिंच पडली होती. धार लावूनही मशीन नुसतं पीठ काढत होतं. कुणीतरी सांगितलं, पुढचे उंचवटे घास. मी ग्राइंडर घेतला आणि सपाट करून टाकले, मोजमाप काही नाही. डोळ्याला बरं दिसेस्तोवर.

मशीन चालू केलं आणि लाकडाला टेकवताच जणू कुणी हातातून हिसकावलं. दात एवढा खोल शिरतो की चेन लाकडाला चावून बसते. एक-दोनदा मागे उसळलं. तिसऱ्यांदा बारचं टोक आत असलेल्या फांदीला लागलं आणि मशीन सरळ तोंडाकडे उडालं. ब्रेक लागला म्हणून वाचलो. मनगटाला आठवडाभर पट्टी होती. ती चेन मी तशीच फेकून दिली. खरं तर पातं मागे घासत आणलं असतं तर ती वाचली असती, पण तेव्हा तिच्याकडे बघवेना.


शेगडा

मासेराव, वाचलात हे महत्त्वाचं. म्हणूनच डेप्थ गेजसाठी ग्राइंडर नको, चपटी कानस आणि खाचेची पट्टी, एवढंच. पट्टी चेनवर ठेवायची, खाचेतून जेवढं वर डोकावेल तेवढंच घासायचं. मग उंचवट्याची पुढची कड पुन्हा गोल करायची, जशी नवी असताना होती. टोकदार ठेवली तर ती लाकडात रुतते.

टू-इन-वन इथेच बरं वाटतं. दोन गोल कानशी आणि मधे एक चपटी, एकाच चौकटीत. दात घासला की डेप्थ गेजही तेवढाच उतरतो. विसरायचा प्रश्न नाही. त्याचा दोष असा की दात वाकडेतिकडे असतील, काही आखूड काही लांब, तर तेही तसेच पुढे जातात. आणि कानशी बोथट झाल्यावर बदलायला त्याच मापाच्या तीन आणाव्या लागतात. गावात मिळत नाहीत.

कानशीबद्दल एक जुनी युक्ती. वापरण्याआधी कानशीवर खडू घासा. पोलादाचा बारीक चुरा दातांत अडकत नाही. तेल लावू नका. आणि प्रत्येक दोन दातांनी कानस थोडी फिरवा, म्हणजे एकाच जागी झिजणार नाही.


सिल्व्हरओक

अवांतर: शेगडा काका, ही चेन पहिल्यांदा अशी कुणी बनवली माहीत आहे का? मला नेहमी वाटतं, दात असे वाकडे का केले असतील.


शेगडा

अवांतर आहे, पण मजेशीर आहे म्हणून सांगतो. आधीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे होते, नुसते ओरखडे काढत जायचे. सारखी धार लावावी लागायची. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स म्हणून लाकूडतोड्या होता. १९४६ साली लाकूड फोडताना त्याला एका भुंग्याची अळी दिसली. ती लाकडातून आडवी-उभी, रेषांना न जुमानता पोखरत जात होती. त्यानं तिचे जबडे बघितले. डावा आणि उजवा, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले. त्यानं तसेच डावे-उजवे वळलेले दात चेनला दिले आणि १९४७ मध्ये घराच्या तळघरात पहिली चेन बनवली. आज आपण ज्या चेनला कानस मारतोय ती त्याच घराण्यातली.

म्हणजे तुमच्या बांधावर पोखरणाऱ्या भुंग्याला शिव्या देताना जरा जपून.


वखारीचा_पुतण्या

भुंग्याला कुणी धार लावून देत नसंल. मग त्याचे दात कशे टिकत्यात?


शेगडा

जबडा झिजतो, पण कात टाकली की नवा येतो. आपल्याला ती सोय नाही.


वसनाकाठ (धागाकर्ता)

शेवटची खबर. गाइड आलं. रविवारी अंगणात जुन्या निलगिरीच्या ओंडक्यात खाच पाडून त्यात बार अडकवला (ही युक्ती पुतण्यानं निरोपातून सांगितली, ओट्यावरच्या शेगड्याची, म्हणजे व्हाइसची, गरज नाही). डावे दात ६.५ वर आणायला पाऊण तास. त्यात चहा दोनदा. उंचवटे पट्टीवर तपासले तर बहुतेक वर डोकावत होते. चपट्या कानशीनं प्रत्येकाला चार-पाच हात मारले आणि गोल केले.

मग तीच बाभूळ. काप सरळ गेला. आणि मंडळी, पीठ नाही, ढलप्या! नखाएवढ्या, चौकोनी, बुटावर पडत होत्या. गेल्या तीन वर्षांत हे मशीन असं कधीच चाललं नव्हतं. नवीन असतानासुद्धा. किंवा तेव्हा मी बघितलं नसेल.

चुलतभाऊ पुन्हा बांधापलीकडे उभे होते. या वेळी म्हणाले, "आमचीबी चेन आणून देऊ का?"

शेगडा काका, तो निळा भाग आता पूर्ण गेलाय का हे कसं ओळखायचं? दोन दातांवर अजून पुसट पिवळट दिसतंय.


शेगडा

पिवळट म्हणजे कमी तापलेलं, ते चालतं. निळं नको. आणखी दोन धारा होऊ द्या, जाईल. चुलतभावाची चेन घेण्याआधी तिचं पिच मोजा. तीन लागोपाठच्या रिव्हेटमधलं अंतर घ्या, निम्मं करा. सव्वाआठ मि.मी. आलं तर ०.३२५, म्हणजे कानस ४.८ ची लागेल. तुमची ४ ची मारलीत तर त्यांच्या दातांना चोच येईल आणि भांडण बांधावरून घरात येईल.


वसनाकाठ (धागाकर्ता)

मोजलं. सव्वाआठच आहे. बाजारात जाऊन कानस आणतो, त्यांच्या पैशानं.


नवखा_फलटण

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझं बॅटरीचं छोटं मशीन आहे, १२ इंची बार. डाळिंबाच्या छाटणीला वापरतो. याला पण हेच सगळं लागू आहे का?


सिल्व्हरओक

लागू. बॅटरीच्या बहुतेक मशीनला लो प्रोफाइल ३/८ किंवा १/४ इंची चेन असते. लो प्रोफाइल ३/८ ला ४ मि.मी.ची कानस चालते, १/४ ला कंपनीप्रमाणे माप बदलतं. म्हणून ड्राइव्ह लिंकवर कोरलेला नंबर बघून खात्री करा. धार लावण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवा. डाळिंबाच्या फांद्या बारीक असल्यानं बोथटपणा उशिरा जाणवतो, तर ढलपी पिठासारखी व्हायला लागली की लगेच दोन हात मारून घ्या. नंबर इथे टाका, मग सांगते.